बेलवांगी आणि आंब्याची आढी

टोमॅटोला जुनी माणसं बेलवांगी म्हणत. मूळ दक्षिण अमेरिकेचं हे झाड सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी युरोपात नेलं, आणि मग ते आपल्याकडं आलं. फळ परदेशी, पण पेंढ्यात पिकवायची रीत आपल्या आंब्याच्या आढीचीच. तिच्यामागचं कारण १९३४ साली उलगडलं. पिकतं सफरचंद इथिलीन वायू सोडतं, हे इंग्लंडात गेन नावाच्या शास्त्रज्ञानं सिद्ध केलं. टोमॅटोचंही तेच. पेंढ्यात हा वायू कोंडतो आणि एका फळामागं दुसरं पिकतं. कार्बाइडची पुडी घालू नका; तिला कायद्यानं बंदी आहे, शिवाय परसातलं फळ आपलीच पोरं खाणार. उन्हाळ्यात ३० अंशांपुढं फळ झाडावर पिवळट राहतं. तेव्हा रंग धरू लागलेली फळं तोडून सावलीत टोपलीत झाकावीत, सोबत एक पिकलं केळं ठेवावं.