हरिपुऱ्याची चित्रे

चित्रकारांस आश्रय देण्याची परंपरा आपल्या देशात प्राचीन आहे. परंतु द्रव्य मोजणारा आश्रयदाता चित्रात बहुधा आपलीच मूर्ती, आपलाच दरबार वा आपलीच दैवते पाहू इच्छी. नांगरधारकाचे चित्र मुद्दाम काढवून घ्यावे आणि ते त्याच्याच दृष्टीस पडावे म्हणून उघड्यावर टांगावे, असा प्रसंग विरळा. तो १९३८ साली घडला. आपल्या ज्ञातीतील बहुतेक घराण्यांची बिऱ्हाडे आज शहरांत असली तरी मुळे खेड्यांतच आहेत. म्हणून ती हकीकत येथे नमूद करणे उचित वाटते.

तिचा आरंभ आपल्या खानदेशात आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन होय. शांतिनिकेतनातील कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस यांजवर गांधीजींनी तेथील सजावटीचा भार टाकला, आणि खेड्यात मिळेल त्याच साहित्याने काम झाले पाहिजे असा आग्रह धरला. आपण चित्रकार, मंडप उभारणे आपले काम नव्हे, अशी शंका नंदलालांच्या मनात होती. तथापि बांबूसारख्या साध्या वस्तूंतून त्यांनी जे उभे केले त्याने गांधीजी संतुष्ट झाले. शेतसारा, खंड आणि कर्ज यांविषयीचा शेतकी कार्यक्रमही याच अधिवेशनात मान्य झाला, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

फेब्रुवारी १९३८ मध्ये सुरत जिल्ह्यातील हरिपुरा येथे सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरावयाचे होते. गांधीजींनी पुन्हा नंदलालांसच पाचारण केले. अधिवेशन एक्कावन्नावे, म्हणून अध्यक्षांच्या रथास एक्कावन्न बैल जुंपले होते! या नगरीसाठी सुमारे ४०० चित्रफलक तयार झाले. त्यांतील ८० हून अधिक मूळ चित्रे स्वतः नंदलालांच्या हातची. उरलेल्या प्रती त्यांच्या शिष्यवर्गाने व सहकाऱ्यांनी केल्या.

हातकागद पुठ्ठ्यावर चिकटवून त्यावर मातीचे व खनिज रंग जाड कुंचल्याने सपाट भरलेले. बहुतेक चित्रांत आकृतीभोवती कमान. पूर्वी जी कमान देवतेस किंवा नृपतीस शोभे तिच्याखाली येथे बैलांमागे वाकलेला शेतकरी आहे, धान्य कांडणाऱ्या स्त्रिया आहेत, सुतार, चांभार आणि ढोलकरी आहेत. रेषा ठसठशीत व वेगवान. बारकावे जाणूनबुजून टाळलेले, कारण चित्र रस्त्याने जाणाऱ्याने चालता चालता पाहावयाचे होते. प्रस्तुत लेखकास यातील नांगरणीचे चित्र सर्वांत सरस वाटते: बैलाची मान आणि माणसाची पाठ एकाच श्रमाने ताणलेली दिसते.

एक आक्षेप मात्र नोंदविला पाहिजे. त्या काळी मंदीने शेतमालाचे भाव कोसळून कुणबी सावकाराच्या वहीत पुरता अडकला होता. ज्या कर्जाविषयी फैजपुरास ठराव झाला, त्याची छाया या चित्रांवर कोठेही पडलेली नाही. येथे सारेच कामात मग्न, धडधाकट आणि प्रसन्न आहेत. उत्सवाच्या मंडपात दुःख टांगीत नाहीत हे खरे. परंतु आपल्या आजोबापणजोबांचे जिणे केवळ या चित्रांवरून ताडू नये. त्यासाठी घरातील जुनी गहाणखते पाहावीत. उलट, कांडपाच्या श्रमास नंदलालांनी जी प्रतिष्ठा दिली ती गहाणखतात सापडावयाची नाही, हेही तितकेच खरे.

नंदलाल १९६६ साली निवर्तले. फलकांपैकी पुष्कळसे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रही आहेत. २०१९ साली त्यांतील काही व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात भारताच्या दालनात मांडले होते. दिल्लीस जाणाऱ्या ज्ञातिबांधवांनी मुलाबाळांसह तेथे अवश्य जावे, आणि एखादा फलक मांडलेला असल्यास घरातील वडीलधाऱ्यांकडून त्यांतील अवजारांची नावे मुलांस सांगवून घ्यावीत.