आवई: जुनी आणि नवी

भिवंडीच्या इतिहासावर लिहावयास बसले म्हणजे लेखणी प्रथम हातमागाकडे जाते, मग यंत्रमागाकडे वळते, आणि १९७० व १९८४ या दोन सालांपाशी येऊन अडखळते. त्या दंगलींची हकीकत पुन्हा सांगण्याचा माझा हेतू नाही. मला माग काढावयाचा आहे तो आवईचा.

निमित्त झाले ते वळ गावचे. अंजूरफाट्यापलीकडच्या या पट्ट्यात, वळ, राहनाळ, पूर्णा, काल्हेर अशा गावांत, भाताच्या खाचरांवर आता गोदामे उभी आहेत. इंटरनेटवर मागवलेल्या मालाची खोकी येथून मुंबई-ठाण्याला जातात. तेथील एका शाळेतल्या मुलांना ‘इंटरनेट सांभाळून कसे वापरावे’ हे मी सांगावे, असा आग्रह झाला. इतिहासाच्या माणसाला हे काम का, असे मीही मनात म्हटले. परंतु ओटीपी कोणाला सांगू नये, अनोळखी माणसाला आपले छायाचित्र धाडू नये, पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, एवढे सांगून झाल्यावर उरते ते सारे इतिहासाचेच असते.

१९८८ साली सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू व मुसलमान शेजारी एकत्र बसत आणि त्या भागाचा पोलीसही असे. नळावरच्या भांडणापासून बोलणे सुरू होई. यातली खुबी अशी की, वाईट बातमी कानी आली तर ती कोणाला विचारून पडताळावी, हे माणसाला आधीच ठाऊक झाले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. केवळ समित्यांमुळेच, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तथापि त्यांचा वाटा मोठा होता, यात मला संशय नाही.

आता धुळे जिल्ह्याकडे चला. १ जुलै २०१८. साक्री तालुक्यातील राईनपाडा, आठवड्याच्या बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी आवई व्हॉट्सॲपवरून आधीच घरोघर पोचली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षा मागत तेथे आली. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार मारले. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव हिंडणाऱ्या या लोकांना ओळखणारे त्या गर्दीत कोणी नव्हते, आणि विचारण्याइतका धीरही कोणाला नव्हता.

त्या वर्षी देशभर हिंडलेल्या चित्रफितींतली एक मूळची कराचीतली होती. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यातून मूल उचलतात, लगेच परत आणून सोडतात आणि पालकांनो, सावध राहा, असा फलक दाखवतात. कोणी तरी शेवटचा भाग कापला. मुलांच्या रक्षणासाठी केलेले चित्र असे माणसांच्या जिवावर उठले! त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचांपलीकडे मजकूर पुढे धाडण्यास बंदी घातली.

याची दुसरी बाजूही मुलांना सांगावी लागते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला, जे तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते, दोन तरुणींना अटक झाली. एकीने मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिले होते, दुसरीने ते केवळ पसंत केले होते. ज्या कलम ६६-अ चा तेथे आधार घेतला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. जबाबदारी म्हणजे मुकेपणा, असा धडा मुलांनी घेऊ नये म्हणून मी यावर थोडा रेंगाळलो.

मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “सर, आधीच पुढे पाठवले असेल तर?”

मी सांगितले, पाठवलेले पुसण्याची सोय आहे. पण ज्याने ते पुढे धाडले, त्याच्याकडची प्रत पुसली जात नाही. म्हणून ज्या गटात पाठवले, त्याच गटात ‘हे खोटे होते’ असे लिहावे.

“तो घरच्यांचाच गट आहे,” तो म्हणाला. “काका मोबाईल काढून घेतील.”

वर्ग हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. “आधी मला येऊन सांग,” त्या म्हणाल्या, “काकांशी मी बोलते.”