व्यवसायांतील माहितीसुरक्षा आणि भरपाईचा हक्क : टेंभली ते २०२३ चा कायदा

साक्रीसारख्या तालुक्याच्या गावी सिमकार्डासाठी दुकानदाराकडे शिधापत्रिकेची झेरॉक्स व छायाचित्र देण्याची पद्धत फार जुनी नाही. ती झेरॉक्स पुढे कोठे गेली, हे ग्राहकाने कधी विचारले नाही. दुकानदारासही ते सांगता आले नसते. मात्र माहिती कागदावर असल्याने तिच्या दुरुपयोगालाही कागदाचीच मर्यादा होती.

ही मर्यादा ओलांडण्याचा आरंभ खानदेशातच झाला. १९९८ पर्यंत साक्रीप्रमाणेच धुळे जिल्ह्यात असलेल्या शहादे तालुक्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत पहिले आधार क्रमांक देण्यात आले. बोटांचे ठसे व बुबुळांच्या प्रतिमा संगणकात साठविल्या जात असताना त्यासाठी स्वतंत्र कायदा नव्हता; तो २०१६ मध्ये झाला. त्यातील कलम ५७ ने खासगी कंपन्यांनाही आधारचा वापर खुला केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आणि २६ सप्टेंबर २०१८ रोजी कंपन्यांची ही मुभा रद्द केली. २०१९ च्या दुरुस्तीने बँका व दूरसंचार कंपन्यांना ती ग्राहकाच्या संमतीने पुन्हा मिळाली.

या काळात सामान्य ग्राहकाच्या हाती होते ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३-अ. २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमानुसार संवेदनशील माहिती जपण्यात हयगय करणाऱ्या कंपनीकडून नुकसानभरपाई मागता येई. पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, म्हणजे मुंबईस चालत. वाट दूरची खरी, पण निष्फळ नव्हे. पुण्यातील एका उद्योगाच्या खात्यातून सुमारे ८० लाख रुपये परस्पर काढले गेले, तेव्हा याच यंत्रणेने २०१३ मध्ये बँकेस ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला होता.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सुरक्षेत कसूर करणाऱ्या व्यवसायास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. कंपन्यांवरील धाक त्यामुळे वाढेल, यात शंका नाही. परंतु दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा व्हावयाची आहे आणि कलम ४३-अ वगळण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. व्यवसायांवरील मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. नव्या मंडळाचे कामकाज संगणकीय असल्याने साक्रीच्या ग्राहकास तक्रारीसाठी मुंबईस जावे लागणार नाही. मात्र त्याचे बुडालेले पैसे भरून देण्याचा आदेश काढण्याचा अधिकार त्या मंडळास नाही.