इंग्रजीचं बुक कुणाच्या हातात?

१९७० साली सिडको आली. ९५ गावांची जमीन घेऊन नवी मुंबई उठवली. खाणीत दगड फोडायला, एमआयडीसीत राबायला आलेली आपली माणसं दिघ्यापासून तुर्भे स्टोअरपर्यंत डोंगराच्या कडेला वसली. आज ऐरोली-महापे पट्ट्यात आयटीच्या काचेच्या इमारती आहेत. गेटवर आपला पोरगा वॉचमन, आत झाडूपोछा करायला आपली बाई. खुर्चीत बसणारा इंग्रजी बोलतो. म्हणून वस्तीतली आई पोटाला चिमटा घेऊन लेकराला इंग्लिश मीडियममध्ये घालते. तिला हसणाऱ्या पांढरपेशा मराठीप्रेमींनी आधी स्वतःची पोरं कुठं शिकली ते सांगावं.

पण दोस्तहो, इंग्रजी शिका एवढं म्हणून भागत नाही. कुठलं पुस्तक वाचून शिकायची, हा खरा सवाल आहे. आपला इतिहास तेच सांगतो.

१८३५ साली मेकॉलेनं आपला खलिता मांडला. त्याला सगळी रयत शिकवायची नव्हती. सरकार आणि रयतेच्या मध्ये उभा राहील असा मूठभर दुभाषी वर्ग हवा होता. वरच्यांना शिकवा, ज्ञान झिरपत खाली जाईल, असा तेव्हाचा हिशेब. झिरपलं काय? ज्याच्या हातात पोथी होती त्याच्याच हातात इंग्रजी बुक आलं. कारकून तोच, मामलेदार तोच, वकीलही तोच.

पण एक पुस्तक भलत्याच हातात पडलं. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले आणि १८४७ च्या सुमारास त्यांनी थॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं. पाठ करून परीक्षेत ओकायचं हे पुस्तक नव्हतं. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. १८५४ साली सावित्रीबाईंचं ‘काव्यफुले’ आलं. शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावं, हे त्यांनी त्यात सांगितलं. १८७३ साली ‘गुलामगिरी’ निघाली, ती गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण करून. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीरावांनी निवेदन दिलं तेही इंग्रजीतून. पैसा रयतेच्या घामाचा आणि शिक्षण वरच्यांना, हा जाब त्यांनी मेकॉलेच्याच भाषेत विचारला. शाळेतली क्रमिक पुस्तकं नव्यानं करा, असंही बजावलं. म्हंजे ‘बुक कुठलं?’ हा सवाल आपल्याकडं तेव्हापासूनचा.

पुढं सुभेदार रामजी. पलटणीत शाळा होती म्हणून महाराच्या घरात अक्षर आलं. रामजी स्वतः पलटणीच्या शाळेत मास्तर. त्यांनी भीमाकडून हॉवर्डची इंग्रजी बुकं आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेतली. मराठी शब्दाला मराठी ठेवून इंग्रजी शब्द शेजारी बसवायचा, ही ती रीत. हायस्कुलात संस्कृत नाकारलं, पर्शियन घ्यावं लागलं. देवभाषेचं दार बंद, साहेबाच्या भाषेचं उघडं. त्याच साहेबाच्या भाषेत बाबासाहेबांनी पुढं शास्त्रांची झडती घेतली.

इंग्रजी आली की जात गळते, हा भ्रमही नको. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी १९०१ सालचा प्रवास लिहिलाय. पोरं मसूर स्टेशनावर उतरतात. अंगावर नवे चांगले कपडे. स्टेशनमास्तर आपुलकीनं चौकशी करतो. महार म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा बदलतो. गाडीवाला दुप्पट भाडं मागतो, आणि गाडी पोरांनीच हाकायची!

स्वातंत्र्य आलं. खेर मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यातल्या पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढली, ती आठवीवर नेली. ज्यांच्या घरात इंग्रजी पेपर येत होता त्यांचं काही अडलं नाही. अडलं खेड्यातल्या आपल्या पोराचं. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, १९५० साली औरंगाबादला मिलिंद. अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखेड्यांसारख्या प्राध्यापकांनी काळ्या लेखकांची ओळख करून दिली. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, तिचं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. १९७८ साली जनार्दन वाघमारे यांचं निग्रो साहित्यावरचं मराठी पुस्तक आलं. पेन काय, काळे लेखक काय, जे पुस्तक आपल्या कामाला आलं ते आपण आपल्या गरजेनं हुडकलं.

२००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. तिकडं आपलीच पुस्तकं इंग्रजीत गेली. १९९२ साली ‘पॉयझन्ड ब्रेड’, २००८ साली बेबी कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’, २०१५ साली ‘बलुतं’. विद्यापीठात त्यांच्यावर पेपर वाचले जातात, पदव्या मिळतात. आणि तुर्भ्याच्या पोराला काय? स्पोकन इंग्लिशचा क्लास. गिऱ्हाइकाला गुड मॉर्निंग म्हणायला, साहेबाला येस सर म्हणायला लागेल तेवढी भाषा. कामापुरती भाषा खाली, पुस्तक वर. मेकॉलेची मेख अजून तिथंच आहे.

ती उपटायला सरकारची वाट बघायची गरज नाही. वस्तीत विहार आहे, संध्याकाळी पोरं जमतात. ‘व्हिसा’ची इंग्रजी सोपी आहे. पोरानं एक परिच्छेद वाचावा, मराठीत आजीला सांगावा. आजी गप्प बसणार नाही, ती दुष्काळात गाव कसं सुटलं ते सांगेल. ते पोरानं वहीत इंग्रजीत उतरवावं. चुकेल, पुन्हा लिहील. रामजीबाबांची रीत हीच होती, फक्त या वेळी पाठमाला आपल्या घरातली असेल.