लाळेतील ताणदर्शके

ताण आणि वेदना यांचा अंदाज घेण्यासाठी लाळेत मोजले जाणारे जैवरासायनिक घटक. कॉर्टिसॉल आणि अल्फा-अमायलेज हे त्यांतील प्रमुख. रक्तातील बहुतेक कॉर्टिसॉल प्रथिनांशी बांधलेले असते; लाळेत उतरते ते मुक्त, म्हणजेच प्रत्यक्ष क्रियाशील. ताणानंतर साधारण २० ते ३० मिनिटांनी ते शिखर गाठते; अमायलेज मात्र अनुकंपी तंत्रिका तंत्राच्या इशाऱ्यावर काही मिनिटांतच वाढते. हे बदल अभ्यासण्यासाठी जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठाच्या चाचणीत (१९९३) परीक्षकांपुढे भाषण व तोंडी हिशेब करायला लावून कृत्रिम ताण निर्माण करतात.

सुई टोचावी लागत नाही, हा या पद्धतीचा खरा मोठेपणा. नवजात बाळाच्या गालाच्या आत कापसाचा बोळा धरूनही नमुना मिळतो. परंतु केवळ वेदनाच दाखवणारा घटक लाळेत अद्याप सापडलेला नाही. भीती आणि व्यायाम यांनीही हेच आकडे चढतात. त्यामुळे बोलू शकणाऱ्या रुग्णाच्या सांगण्याला ही तपासणी पर्याय ठरत नाही.

नमुन्याची वेळ नोंदवावीच लागते: कॉर्टिसॉल जाग आल्यावर पाऊण तासाच्या आत सर्वाधिक, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. नुकतेच खाल्लेले असेल किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर निष्कर्ष चुकतो.