जागतिक इतिहासाचे ग्रंथ आणि शहापूर-मुरबाडचा अभ्यासक

कोठारी समितीच्या शिफारशींनुसार 1979 पासून नागरी सेवा परीक्षेची उत्तरे मराठीत लिहिण्याची वाट मोकळी झाली. परंतु ज्या ग्रंथांच्या आधारे जागतिक इतिहासाचे उत्तर सिद्ध करावयाचे, ते बहुतांशी इंग्रजीतच राहिले. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत, जेथे आश्रमशाळांत, म्हणजे आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळांत, शिकून अनेक मुले महाविद्यालयापर्यंत पोहोचतात, तेथे ही उणीव अधिक तीव्रतेने जाणवते.

जिल्ह्यातील जुनी ग्रंथालये, म्हणजे 1864 मध्ये स्थापन झालेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आणि 1893 मधील ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, या तालुक्यांच्या बाहेर आहेत. शहापूरकरांना आसनगावहून लोकल तरी मिळते. मुरबाडला रेल्वे नसल्याने तेथील विद्यार्थ्याची भिस्त कल्याणच्या एसटीवर. वि. ग. कानिटकरांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ किंवा अरुण साधूंचे ‘...आणि ड्रॅगन जागा झाला’ यांसारख्या पुस्तकांनी मराठी वाचकाला जगाच्या घडामोडींची गोडी लावली, हे त्यांचे मोठे श्रेय होय. तथापि परीक्षेला हवी असते ती कारणमीमांसा, म्हणजे घटना का घडली याची अनेक पदरी मांडणी, आणि तेवढ्यासाठी कथनप्रधान ग्रंथ पुरे पडत नाहीत.

2013 पर्यंत हा विषय मुख्यत्वे इतिहास वैकल्पिक घेणाऱ्यांपुरता होता. त्या वर्षी अठराव्या शतकापासूनचा जगाचा इतिहास मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनात, म्हणजे सर्वांना सक्तीच्या प्रश्नपत्रिकेत आला आणि नॉर्मन लो यांच्या आधुनिक जगाच्या इतिहासावरील ग्रंथाला मागणी वाढली. हा ग्रंथ सखोल आहे, पण त्याचा भर 1914 नंतरच्या जगावर आहे. अर्जुन देव व इंदिरा अर्जुन देव यांचा ग्रंथही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुरू होतो. त्यामुळे केवळ याच दोहोंवर विसंबणाऱ्याची फ्रेंच राज्यक्रांती आणि औद्योगिक क्रांती कच्ची राहते. त्यांपैकी फ्रेंच राज्यक्रांतीसाठी एनसीईआरटीचे नववीचे पुस्तक उपयोगी पडते, आणि बालभारतीचे 2020 चे बारावीचे इतिहासाचे पाठ्यपुस्तक तर मराठी अभ्यासकाने प्रथम हाती घ्यावे असेच आहे, कारण प्रबोधन, वसाहतवाद, महायुद्धे, निर्वसाहतीकरण (वसाहतींचे स्वतंत्र राष्ट्रांत झालेले रूपांतर) आणि शीतयुद्ध हा क्रम त्यात मराठी परिभाषेसह सलग सापडतो.

या पुस्तकांतले जग या तालुक्यांपासून दूर नाही. कसाऱ्यापर्यंत रेल्वे 1861 मध्ये पोहोचली, त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाल्याने मुंबईत कापसाला विलक्षण भाव आला. शहापूर तालुक्यातून थळ घाट चढणारा लोहमार्ग 1865 च्या आरंभी खुला झाला, तेव्हा ते युद्ध संपत आले होते आणि भाव कोसळण्यास फार अवधी उरला नव्हता. युरोपातील औद्योगिक क्रांती, अमेरिकेतील गुलामगिरीचा प्रश्न आणि हिंदुस्थानची वसाहती अर्थव्यवस्था यांचा परस्परसंबंध विचारणाऱ्या प्रश्नाला याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. मुरबाडच्या सिद्धगडाचेही तसेच: दुसरे महायुद्ध चालू असताना मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना तेथे 2 जानेवारी 1943 रोजी हौतात्म्य आले, आणि युद्धामुळे साम्राज्यांची पकड कशी ढिली होत गेली या चर्चेत त्यांचा उल्लेख पूर्णतः सयुक्तिक ठरतो.

राज्यसेवेची मुख्य परीक्षाही 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. पर्यायांपुढे खूण करण्याऐवजी आता सलग मराठी परिच्छेद लिहावे लागतात. त्यामुळे इंग्रजी ग्रंथांतून काढलेली टिपणे त्याच बैठकीत मराठीत उतरवून ठेवणे, हा तयारीचाच एक भाग बनला आहे.