उल्हासकाठचे ध्वनिमुद्रण आणि संगणकाची निवड

दुसऱ्या महायुद्धात कल्याणनजीक लष्करासाठी उभारलेल्या छावण्यांत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसविले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव दिले, हे सर्वश्रुत आहे. परंतु परदेशी माल पाहून तसाच घरी सिद्ध करण्याची जी वहिवाट या नगरात पडली, आणि जिची थट्टा ‘मेड इन यूएसए’, अर्थात उल्हासनगर सिंधी असोसिएशन, या कोटीने आजही होते, त्याच वहिवाटीच्या मुलुखात पुढे ध्वनिमुद्रणाचा संगणकही सुटे भाग जुळवूनच उभा राहावा, यात नवल नाही.

आरंभी तो मार्ग बंदच होता. १९९१ साली आलेली प्रो टूल्स ही प्रणाली मॅकिंटॉशवर चाले, तिला स्वतंत्र कार्डे लागत, आणि वर आयात जकातीचा बोजा. त्यामुळे ती मुंबईतल्या धनवान स्टुडिओंनाच शोभे. शिवाय सीडीच्या दर्जाचा एक मिनिट स्टिरिओ ध्वनी सुमारे १० मेगाबाइट जागा व्यापतो, म्हणजे २४ मोनो ट्रॅकांच्या पाच मिनिटांच्या गाण्यास ६०० मेगाबाइट. त्या काळच्या घरगुती संगणकाची सबंध हार्ड डिस्कही एवढी नसे.

पारडे फिरले ते १९९६-९७ मध्ये. स्टाइनबर्ग कंपनीच्या क्यूबेस व्हीएसटीने प्रतिध्वनी वगैरे संस्कार संगणकाच्या स्वतःच्या प्रोसेसरवर आणले, एएसआयओ ड्रायव्हरने ध्वनीचा विलंब आटोक्यात आणला, आणि भारत ज्या माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला त्याअन्वये संगणकावरील जकात क्रमशः उतरत २००५ पर्यंत शून्यावर आली. विलंबाची बाब किरकोळ नव्हे. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या यंत्राने १,०२४ नमुन्यांचा बफर ठेवला, तर त्या एका टप्प्यातच आवाज २३ मिलिसेकंद रेंगाळतो आणि हेडफोन लावून गाणाऱ्याची लय डळमळते. १२८ नमुन्यांवर तोच काल तीन मिलिसेकंदांपर्यंत उतरतो, मात्र तेव्हा प्रोसेसरची खरी परीक्षा होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून जुळविलेला संगणक या परीक्षेत उतरू लागला, आणि हळदीची गाणी वाजविणाऱ्या बेंजो पार्टीस वा गणेशोत्सवाची ध्वनिफीत काढणाऱ्या मंडळास मुंबईची वाट धरण्याची सक्ती उरली नाही.

तथापि अंबरनाथ-बदलापुरात यंत्राची निवड केवळ वेगावरून करणे हे, माझ्या मते, अर्धे शहाणपण होते. भारनियमनाच्या त्या वर्षांत यूपीएसवाचून चांगल्यातला चांगला टेकही मध्येच बुडे. लहान खोलीत माइकशेजारी घुमणारा पंखा गायकाइतकाच स्पष्ट मुद्रित होई. आणि २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीने बदलापुरातली तळमजल्यावरची घरे गाठली, तेव्हा ज्याची एकच डिस्क होती त्याचे सारे दप्तर पाण्याच्या स्वाधीन होते. मॅक की विंडोज, हा वाद आजही रंगतो, रंगू द्यावा. या भागात ज्यांना ध्वनिमुद्रणाचा संगणक घ्यावयाचा असेल त्यांनी आधी ड्रायव्हर, यूपीएस आणि दुसरी डिस्क यांची तजवीज करावी, व उरलेल्या रकमेत जो प्रोसेसर बसेल तो घ्यावा.